कुलपाची खूण

आमच्या लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली. त्यातली पहिली पस्तीस वर्षं माझा नवरा चालत होता आणि पुढची चौदा वर्षं बसून आहे. दोन्हींचा मला त्रासच झाला. पण चालण्याचा त्रास परवडला म्हणायचा, हे आता कळतं.

ते वीज कंपनीत मीटर वाचायला होते. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, हातात बॅटरी. सकाळी सातला निघायचे आणि चौदा गल्ल्यांमधल्या इमारतींच्या जिन्याखाली, तळघरात, मागच्या बोळात, जिथे म्हणून मीटर बसवलेले असत तिथे वाकून आकडे टिपायचे. दिवसाला सव्वाशे-दीडशे मीटर व्हायचे. लिफ्ट बंद असली की जिना चढायचे आणि चालू असली तरी जिनाच चढायचे. लिफ्टमध्ये नुसतं उभं राहिलं की आपण कामचुकारपणा करतोय असं त्यांना वाटायचं. पायाला भिंगरी लागलेला माणूस. त्या सगळ्या भागात त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे मीटरवाले म्हणायचे. मीही तेच म्हणायला लागले. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

मी गणवेश शिवण्याच्या कारखान्यात होते. आठ तास मशीनवर. म्हणजे आमच्या घरात एक जण चालून दमायचा आणि एक जण बसून. संध्याकाळी दोघंही एकमेकांकडे बघत बसायचो, की चहाला उठणार कोण.

माणसांपेक्षा त्यांना मीटर जास्त कळायचे. रस्त्यात एखादी बाई ओळखीचं हसून गेली की मी विचारायचे, "कोण हो ही?" तर म्हणायचे, "तिसरी गल्ली, मागचा जिना, उजवीकडून दुसरं. इस्त्री फार करते." मला हायसं वाटायचं. एकदा जेवताना म्हणाले, "सातव्या गल्लीतल्या त्या कोपऱ्यावरच्यांचा वापर निम्म्यावर आलाय. घरातलं कुणीतरी गेलं." मी म्हटलं, "गेलं म्हणजे वारलं, की सोडून गेलं?" ते म्हणाले, "ते मीटर सांगत नाही," आणि पुढचा घास घेतला.

मग नवे मीटर आले. ते स्वतःचे आकडे स्वतःच कंपनीला पाठवतात. त्याच सुमाराला हे निवृत्त झाले, त्यामुळे कुणाला हाकलावं लागलं नाही. मला वाटलं होतं, हा माणूस घरात ठरायचा नाही. पण ते खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. मी म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून या." ते म्हणायचे, "काम नसताना फिरतो तो उनाड." तेव्हा मी फारसं ताणून धरलं नाही. पस्तीस वर्षं चाललाय, बसू दे बिचारा, असं वाटलं. ही माझी पहिली चूक, आणि ती मी प्रेमानं केली.

विसरणं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. दूध उतू जातं तेव्हा कळतं, तापत कधी लागलं ते कुणी बघत नाही. एक दिवस ते खाली दूध आणायला गेले आणि अर्धा तास आले नाहीत. मी बघायला उतरले तर आमच्या खालच्या मजल्यावरचं दार उघडं, आणि हे आत खिडकीजवळच्या खुर्चीत निवांत. दोन्ही घरांची रचना सारखी. खालच्या वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कप धरून उभ्या होत्या. मला बघून हळूच म्हणाल्या, "चहा मागितला, मी दिला. पण साखर कमी आहे म्हणून रागावले हो." मी हसले, त्याही हसल्या. वर आल्यावर मात्र मी दाराला आतून कडी घातली.

मुलगा दूर असतो. विमानानं तीन तास. रोज नऊला फोन करतो, चांगला आहे, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय त्यालाही लागलीच. त्यानंच फोनवरून दवाखाना शोधला, वेळ घेतली आणि आम्ही दोघं गेलो.

डॉक्टर पोरसवदा होती, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं ह्यांना पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारीन म्हणाली. वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वजाबाकी ह्यांनी धडाधड केली, महिना चुकला. मग तिनं कागद पुढे केला. "काका, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." ह्यांनी मन लावून एका ओळीत चार छोट्या तबकड्या काढल्या आणि प्रत्येकीत एकेक काटा घातला.

"हे घड्याळ आहे का, काका?"

"मीटर आहे. घड्याळाचं रीडिंग कोण घेतं?"

त्या पाच शब्दांमधले दोन आठवले. मला चार आठवले, पण मला कुणी विचारत नव्हतं. तीसपैकी बावीस गुण पडले.

मग ती मला म्हणाली, "काकू, औषध देते. पण माझा जास्त भरवसा चालण्यावर आहे. रोज अर्धा-पाऊण तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. चाललं की मेंदूला रक्त नीट पोचतं, झोप सुधारते, रक्तदाब ताब्यात राहतो. गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही. आहे ते जास्त दिवस टिकू शकतं. बसून राहिले तर लवकर जाईल."

लहानपणापासून आम्ही एकमेकांना 'अक्कल गुडघ्यात आहे' म्हणून हिणवत आलो, आणि ही शिकलेली मुलगी तेच शास्त्र म्हणून सांगत होती. मी तसं बोलून दाखवलं. ती हसली. "थोडंफार तसंच आहे, काकू."

त्या दवाखान्यात अशा चाळीस म्हाताऱ्यांची पाहणी चालू होती. प्रत्येकाला कमरेच्या पट्ट्याला अडकवायची एक डबी मिळाली, पावलं मोजणारी. रोज रात्री तिच्यावरचा आकडा वहीत लिहायचा, कारण बाराला ती शून्यावर जाते. तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा.

घरी आल्यावर मुलाचा फोन आला. त्याचं सगळं ठरलेलं होतं. "आई, तीन महिने बघू. बाबांचे गुण वीसच्या खाली गेले तर मात्र इकडची ती संस्था, विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी. मी बोललोय त्यांच्याशी. सगळ्या खोल्या तळमजल्यावर आहेत, माणसं चोवीस तास असतात. डॉक्टरांचं पत्र लागेल. तू एकटी नाही ओढू शकत हे." मी हो म्हटलं. कशाला हो म्हणतेय ते मला नीट कळत होतं. आमच्या घरातून ह्यांना उचललं असतं तर दोन दिवसांत उरलंसुरलं सगळं पुसलं गेलं असतं. खालच्या मजल्यावरची खुर्ची ज्याला आपली वाटते, त्याला परक्या गावातली खुर्ची काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी मी डबी त्यांच्या पट्ट्याला लावली.

"हे काय?"

"तुमचं मीटर."

"माझं? कनेक्शन कधी घेतलं?"

पण तो खेळ त्यांना आवडला. रात्री त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबी डोळ्यांजवळ धरली आणि जिन्याखालून वर ओरडावं तसे ओरडले, "एकतीसशे सदतीस!" मी लिहिलं. चौदा वर्षांत तो आवाज घरात ऐकला नव्हता.

पहिला महिना असा गेला. ते सरळ रस्त्यानं चालतील तर शपथ. पाय आपोआप जुन्या गल्ल्यांकडे वळायचे. एकेका इमारतीत शिरायचं, जिन्याखाली वाकायचं, बॅटरी मारायची आणि "काटेच नाहीत" म्हणून चिडून बाहेर यायचं. वॉचमन हटकायचे. मी मागून धापा टाकत पोचायचे आणि सांगायचे, निवृत्त आहेत, सवय आहे, जाऊ द्या. अर्ध्या तासाचे दोन तास व्हायचे. ते जिने चढायचे, मी फाटकाशी उभी. उभं राहून राहून माझा डावा गुडघा भरून यायचा.

पण त्या महिन्यात ते बरे होते, हे नाकारता येणार नाही. रात्री सलग झोपायला लागले. एक दिवस पाचव्या गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि म्हणाले, "काल आपण इथून डावीकडे वळलो होतो. आज उजवीकडे जाऊ." काल आम्ही खरंच डावीकडे वळलो होतो. वर्षभरात त्यांनी 'काल' हा शब्द बरोबर ठिकाणी वापरला नव्हता. मी रस्त्यातच त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला, कारण कामावर असताना हात धरत नाहीत.

आणि तरीही मी दमले. माणसाला चांगल्या गोष्टीचाही कंटाळा येतो, हे मोठ्यांनी आपल्याला सांगून ठेवायला हवं होतं. सत्तरीची मी. चालून आल्यावर स्वयंपाक, कपडे, त्यांची औषधं, आणि दिवसभर तोच प्रश्न, "आज वार कोणता?" एकदा सांगायचं, दहादा सांगायचं, विसाव्यांदा जीव मेटाकुटीला यायचा आणि मी खेकसायचे. मग ते गप्प बसायचे, आणि ते गप्प बसले की मला स्वतःचा राग यायचा. सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा, आज पाऊस असावा.

एका मंगळवारी गुडघा सुजला. म्हटलं, "आज सुट्टी." ते म्हणाले, "बरं." रात्री वही उघडली आणि रिकामी ओळ बघून कसंसंच वाटलं. तेव्हा त्यांचाच जुना नियम आठवला. मीटर घरात असेल आणि घराला कुलूप असेल तर रीडर काय करतो? मागच्या काही महिन्यांची सरासरी काढून लिहितो, आणि आकड्यापुढे छोट्या कुलपाची खूण करतो. म्हणजे हे वाचलेलं नाही, अंदाजे आहे. आयुष्यभर आमच्याकडे जेवताना हेच ऐकत आले होते. मी लिहिलं, एकतीसशे पन्नास. खूण केली नाही. एका दिवसासाठी कशाला?

दुसऱ्या दिवशी गुडघा बरा होता. तरी मी गेले नाही. हे स्पष्टच लिहिते, कारण पुढे सगळे गुडघ्याला दोष द्यायला लागले.

एकदा सरासरीची चटक लागली की लागली. मग आठवड्यातून तीन दिवस जायचो, मग दोन, मग कधीतरी. डबी ड्रॉवरमध्ये. संध्याकाळी ते विचारायचे, "माझं रीडिंग घेतलं का?"

"घेतलं हो."

"किती?"

"एकतीसशे."

"बरं आहे," म्हणायचे आणि खुर्चीत मागे टेकायचे. विसरणाऱ्याला फसवायला अक्कल लागत नाही. ते इतकं सोपं होतं की लाजही हळूहळू कमी झाली. शेवटचे दोन महिने मिळून आम्ही बारा-तेरा दिवस चाललो असू. वहीत मात्र एकही ओळ रिकामी नव्हती. 'काल' हा शब्द पुन्हा घरातून गेला. तो जाताना मी पाहिला, आणि तरी बसून राहिले.

तीन महिने भरले. आम्ही दवाखान्यात गेलो. पाच शब्दांमधला एकही आठवला नाही. गुण पडले अठरा.

डॉक्टरनं वहीची पानं शेवटपर्यंत उलटली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही खूप केलंत. एक दिवस खंड नाही. इतकं चालूनही गुण इतके उतरले, म्हणजे ह्यांच्या बाबतीत चालण्याचा उपयोग होत नाहीये असं मानावं लागेल. काही जणांत नाही होत. तुमच्या मुलाचा मला मेल आलाय, त्या संस्थेबद्दल. मी पत्र देते."

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी गप्प बसले. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे झोप आली. दिवसाढवळ्या, दार लावून, वार कोणता असं कुणी न विचारता लागणारी झोप. मला ती फार हवी होती. डॉक्टर म्हणतेय ना, उपयोग नाही. मी कुठे म्हटलं?

डॉक्टरनं पत्रासाठी कागद ओढला आणि वही टेबलाच्या कडेला सरकवली. मीटरवाल्यांनी ती उचलली. समोर आकड्यांचा रकाना दिसला की त्यांचा हात जातोच. चष्मा कपाळावर चढवला, अंगठा रकान्यावरून खाली नेत गेले. एक पान, दुसरं पान. मग मागे येऊन पुन्हा पहिलं.

"हे रीडिंग खोटं आहे," ते म्हणाले.

डॉक्टरनं पेन थांबवलं. "काय, काका?"

"हे पहिलं पान बघा. एकतीसशे सदतीस, अडतीसशे नऊ, चोवीसशे एक्केचाळीस. हे खरं. माणूस जाऊन आलाय. आता इथून पुढे. एकतीसशे पन्नास, एकतीसशे, तीन हजार पन्नास, पुन्हा एकतीसशे पन्नास." बोलण्यात कुठे अडखळणं नाही, शब्द शोधणं नाही. "मीटर कधी इतकं शहाण्यासारखं वागत नाही. हे बसल्या जागी लिहिलंय. चहा पीत."

मी खरोखरच चहा पीत लिहायचे.

"आणि कुलपाची खूण कुठे आहे?" ते पान हलवून म्हणाले. "एकाही आकड्यापुढे नाही. कुलूप असतं तर समजलो असतो. म्हणजे दार उघडं होतं, आणि हा गेलाच नाही."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलंच असेल, पण चोराच्या मनात चांदणं. मग ती त्यांना हळू आवाजात म्हणाली, "मग अशा माणसाचं काय करायचं, काका?"

मला वाटलं, आता ते कडाडणार. रीडिंगच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाची गय केली नव्हती, निदान घरी तरी तसंच सांगायचे. पण ते वही मिटून दोन्ही हातांत धरून बसले.

"साहेबांना सांगू नका," ते म्हणाले. "माणूस वाईट नसतो हो. दमलेला असतो. चौदा गल्ल्या एकट्याला जास्त होतात. उद्या त्याला माझ्याकडे पाठवा. मी जातो बरोबर. जिने मी चढेन, त्यानं नुसतं लिहायचं."

मी म्हटलं, "डॉक्टर, ते मी लिहिलंय."

एवढं बोलल्यावर बाकीचं आपोआप आलं. किती दिवस गेलो, किती दिवस नाही, डबी कुठे होती. रडले नाही, हिशेब दिल्यासारखं सांगितलं. ते तोवर उठून कोपऱ्यातल्या वजनकाट्याचा आकडा वाचायला वाकले होते.

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं अर्धं लिहिलेलं पत्र फाडलं आणि म्हणाली, "काकू, हे आकडे मी बाकीच्या एकोणचाळीस जणांच्या आकड्यांत मिसळणार होते. मग कुणातरी म्हाताऱ्याला मीच सांगितलं असतं की चालून फारसा फरक पडत नाही." मग मला म्हणाली, "तुम्ही स्वतः किती चालता?"

"ह्यांच्यामागे जेवढी फरफट होते तेवढी."

"मग दोन डब्या न्या. तुमचंही वय तेच आहे, तुमचाही मेंदू आहे. गुडघा हाडांच्या डॉक्टरना दाखवा, फाटकाशी उभं राहण्यापेक्षा बसायला जागा शोधा. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी नाही असं लिहा. पुन्हा तीन महिने. गुण वाढतील असं वचन मी देत नाही. पण निदान खऱ्यावर ठरवू."

नऊला मुलाचा फोन आला. "पत्र मिळालं?"

"नाही. मी वही खोटी लिहिली होती." मी सगळं सांगितलं.

मग तो म्हणाला, "आई, तुला विश्रांती मिळावी म्हणूनच मी हे सगळं करत होतो."

"विश्रांती मला हवीच आहे. इतकी हवी आहे की डॉक्टर पत्र लिहायला लागली तरी मी तोंड उघडलं नव्हतं. तीन महिन्यांनी गुण खरोखर उतरले तर मीच तुला फोन करीन. पण आता नाही. आठवड्यातून दोन दिवस कुणी माणूस मिळतो का ते बघ. फोनवरून बघता येण्यासारखं तेवढंच काम आहे."

"बघतो," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. तोही दमलाय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

सकाळी सातला मी खोलीबाहेर आले तर मीटरवाले दारात उभे. बूट घातलेले, डबी पट्ट्याला, हातात बॅटरी. दार सताड उघडून जिन्यातून खाली वाकून बघत होते. मी कोपऱ्यातले माझे बूट ओढले.

"तू कुठे निघालीस? तू झोप. तुझा चेहरा बघ कसा झालाय."

"मग तुमच्याबरोबर कोण येणार?"

"तो येणार आहे ना. नवीन माणूस. दमलेला. काल ठरलं."

काल. मी बूट हातात घेऊन तशीच उभी राहिले. आदल्या दिवशीचा दवाखाना, डॉक्टर, गुण सगळं पुसलं गेलं होतं. न पाहिलेल्या एका माणसाला दिलेला शब्द तेवढा रात्रभर टिकला होता. तो माणूस मीच, हे मात्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. दमलेल्या माणसाला रडूही वेळेवर येत नाही.

"आलाय तो," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा जिन्यात वाकून बघितलं. "कुठे?"

"हा काय. मीच."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. माझी वही, माझी डबी, माझा सुजलेला गुडघा. बायको म्हणून नाही, नव्या माणसाला बघतात तसं.

"बरं," ते म्हणाले. "घाई करू नकोस. पहिले काही दिवस पाय दुखतात, मग होते सवय. मला सुरुवातीला फार दुखायचे, कुणाला सांगितलं नाही."

आम्ही दोनच गल्ल्या केल्या. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी मी एका पायरीवर बसले, आणि वर न जाता तेही माझ्या शेजारी बसले. रात्री त्यांचं रीडिंग निघालं नऊशे तेरा, माझं नऊशे चाळीस. तेवढंच लिहिलं.